स्ट्रायकर गेला, टोळी गेली

आमचा फुटबॉल क्लब इंग्लंडात आहे आणि आम्ही वेल्ह्यात. क्लबाच्या मालकाला आमची काहीच खबर नाही. असती, तर वर्षानुवर्षं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या तीन माणसांची त्यानं निदान दखल तरी घेतली असती.

तिघांतला एक मी. वेल्ह्याच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुसरा माझ्याच गावचा, वडापची, म्हणजे सीट भरून गावोगाव नेणारी, जीप चालवतो. तिसरे हायस्कुलातले गणिताचे सर. ते भोंगवलीकडून बदली होऊन आले आणि येताना या क्लबाचा नाद घेऊन आले. आमच्या दोघांच्या घरी त्यांना अजून मनापासून चहा मिळत नाही, तो त्यामुळेच.

दुकानासमोरच्या बाकावर सकाळ-संध्याकाळ आमची बैठक बसते. सामने चालू असले की सामन्यांवर भांडतो. पण खरा रंग भरतो तो सामने बंद झाल्यावर. तिकडे उन्हाळा असतो, इकडे आषाढ. त्या दोन-तीन महिन्यांत खेळाडूंची खरेदी-विक्री चालते. कोण येणार, कोण जाणार, कुणाला आठवड्याला किती. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्यावरून होत नाही इतका कालवा आम्ही फुकटात करतो.

त्या वर्षी प्रश्न होता आमच्या स्ट्रायकरचा. गोल तोच मारायचा, बाकीचे दहा जण त्याला मिठ्या मारायला पळायचे. त्याचा करार संपत आला होता आणि तो आठवड्याला अडीच लाख पौंड मागत होता. मालक आढेवेढे घेत होता. सरांनी माझ्याच दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर हिशेब मांडला. दिवसाला चाळीस लाख रुपयांच्या घरात.

"म्हणजे तो झोपलेला असतानाही?" सरांनी विचारलं.

"झोपू द्या की," मी म्हणालो. "कमवून कोण देतं क्लबाला? मालक येतो का चिखलात पळायला? ज्याच्या अंगात कसब, त्याला त्याच्या तोंडानं मागितलेला पैसा द्यावा. नाहीतर जातो तो दुसरीकडं, आणि बसा मग बोंबलत."

"माणूस टिकवायचा तर मूठ सोडाया लागती," जीपवाला म्हणाला. त्याच्या जीपचं मागचं दार तीन वर्षं सुतळीनं बांधलेलं आहे, पण ते असो.

त्याच आठवड्यात गावच्या देवळात भातलावणीचा रोज ठरवायला बैठक बसली. आमच्याकडे हा जुना रिवाज आहे. लावणीच्या आधी गावातले पुरुष देवळात जमतात आणि बायांना त्या मोसमात दिवसाचा किती रोज द्यायचा ते ठरवतात. रोज घेणाऱ्या बायांना या बैठकीला कुणी बोलावत नाही, आणि यात काही चुकतंय असं तोवर मलाही कधी वाटलं नव्हतं.

लावणी करणाऱ्या बायांच्या टोळीनं सहाशे मागितले होते. म्हातारी मंडळी पाचशेवर अडून बसली होती. एक जण साडेपाचशे म्हणाला तर त्याच्याकडे सगळ्यांनी चोर पकडल्यासारखं बघितलं. तेवढ्यात मी उठलो. मला वाटलं, एवढी वर्षं फुटबॉल बघितला तो कधी कामाला यायचा? मी म्हणालो, तिकडं इंग्लंडात पगाराला वरची हद्द घालायची भाषा चालू आहे. सगळ्यांनी मिळून एक आकडा धरायचा. त्याच्या वर कुणी गेलाच नाही, तर माणूस जाईल कुठं?

"पोरगं शिकलेलं हाय," एक आजोबा म्हणाले. अख्ख्या आयुष्यात देवळात माझं एवढं एकच कौतुक झालं. लगेच बेलभंडारा पुढं आला. हळद आणि बेलाचं पान हातात घेऊन सगळ्यांनी देवीची आण घेतली, पाचशेच्या वर एक रुपया देणार नाही. पहिला हात माझा होता, दुसरा जीपवाल्याचा.

बाकावर जे बोलत होतो त्याच्या बरोब्बर उलटं देवळात बोलून आलो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. सरांच्या आलं असावं. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाकावर आमच्याकडून सगळं ऐकलं, दोनदा घसा खाकरला आणि पेपर उघडला.

चार दिवसांनी सकाळी बाजारातून एक पिकअप गेली. पानशेतकडं पुण्याच्या लोकांचे बंगले झालेत, त्यांतल्या काहींना आता घरच्या इंद्रायणी तांदळाची हौस सुटली आहे. त्यांची गाडी होती. मागं डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेल्या दहा-बारा बाया उभ्या होत्या. सातशे रुपये रोज, दुपारचं जेवण, न्यायला-आणायला गाडी.

"आपल्या गावची टोळी पळवली की रं!" जीपवाला ओरडला. "बिनलाजी कुटली, पैशासाठी..."

आणि त्याचा आवाज तिथंच बसला. टोळीत पुढं त्याची बायको उभी होती. तिच्या शेजारी माझी. माझीनं तर मला बघून हात हलवला. आम्ही शहाण्यांनी देवळात ज्या बायांचा रोज बांधला, त्या आमच्याच घरातल्या होत्या. दरवर्षी त्या गावभर लावणीला जातात हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. बैठकीत तेवढं कुणाला आठवलं नाही.

मला आधी हसू आलं. मग आमची दोन खाचरं आठवली. आमची शेती तेवढीच. वर्षभराचा भात त्यातून निघतो. रोपं महिन्याची होत आली होती, शेंडे पिवळे पडायला लागले होते. आणखी पंधरवडा गेला असता तर रोपाला कांड्या धरल्या असत्या आणि मग लावून न लावून सारखंच. आईचे गुडघे गेल्यापासून ती खाचरात उतरत नाही. त्या रात्री बायको म्हणाली, चार दिवस पानशेत करून मग घरचं करू. चारचे सात झाले. बंगलेवाल्यांनी शेजारच्या बंगलेवाल्यांकडं टोळीची शिफारस केली.

आठव्या दिवशी मी जीपवाल्याला आणि सरांना घेऊन स्वतः खाचरात उतरलो. चिखलणी पुरुषांची, लावणी बायांची, अशी आमच्याकडं वाटणी आहे. ती का आहे ते तासाभरात कळलं. कमरेत वाकून मागं मागं सरकत चार-चार काड्या रोवायच्या. आम्ही रोवायचो आणि त्या उठून पाण्यावर तरंगायच्या. सरांनी ओळ सरळ यावी म्हणून दोरी बांधली आणि तिच्यातच पाय अडकून बसकण मारली. बांधावर बसलेली आई पदराआड हसत होती.

"ह्ये लावलंय का फेकलंय?" ती म्हणाली. "उद्याला समदं वाहून ओढ्याला जाईल."

दुपारपर्यंत खाचराचा एक कोपरा झाला. तिथंच जीपवाल्याच्या मोबाईलवर बातमी आली. स्ट्रायकर गेला. दुसऱ्या क्लबानं मागितले तेवढे दिले. जीपवाल्यानं चिखलाच्या हातानं मालकाला दहा मिनिटं शिव्या घातल्या. "चेंगट मेला! द्यायचं व्हतं की मागितलं ते!"

सर चिखलातून उठता उठता शांतपणे म्हणाले, "तुम्ही दोघांनीही द्यायचं होतं."

आम्ही पुन्हा काड्या रोवायला वाकलो.

संध्याकाळी बायको पिकअपमधून उतरली, हातपाय धुऊन चुलीपाशी बसली. मी विषय काढला. रोपं चालली, उद्या आपलं करू.

"किती देनार?" तिनं विचारलं.

"घरच्या रानात कसला रोज?"

"का? घरच्या रानात कंबर दुखत न्हाई व्हय?" ती भाकरी थापतच बोलत होती. "दहा वर्सं लावलं म्या हितं. तुमच्या त्या बाकावर पोटतिडकीनं बोलता ना, ज्याच्या हातात कसब त्येला मागंल ते द्या म्हणून? माझ्या हाताला कसब न्हाई का? सातशे. आन् माझ्या एकटीला नगं, टोळीला सगळ्यांना."

"मी आण घेतलीय देवीची."

"मंग देवीला बोलवा लावाया."

माझा संताप झाला. खरं सांगायचं तर संतापापेक्षा लाज जास्त होती, पण ती कबूल करायला रात्र जाऊ द्यावी लागली. सकाळी मी नारळ घेऊन देवळात गेलो. देवीला म्हणालो, चूक झाली, शपथ मोडतोय. देवी काही बोलली नाही. देवळात बसलेले आजोबा मात्र बोलले. मला शिकलेला म्हणणारे तेच. गावाशी बेइमान, बायकोचा गुलाम, अजून बरंच. त्यातलं 'बायकोचा गुलाम' तर गावात अजून चालतं.

त्या दिवशी टोळी आमच्या खाचरात उतरली. बारा बाया एका रांगेत मागं सरकत गेल्या आणि दुपारच्या आत दोन्ही खाचरं हिरवी झाली. आमचा कोपरा त्यांनी उपटून पुन्हा लावला. बांधावर उभं राहून मी प्रत्येकीच्या हातावर सातशे ठेवले. शेवटी बायकोनं चिखलाचा हात पदराला पुसला आणि पुढं केला. मी पैसे ठेवले. तिनं ते कमरेला खोचले आणि रिकाम्या पाट्या उचलून घराकडं गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आई बांधावर बसून सगळं बघत होती. आता ही सुनेवर तोंडसुख घेणार, असं धरून मी तिच्याजवळ गेलो. तिला उठवायला हात दिला.

"तिलाबी दिलास?" तिनं विचारलं.

"दिला."

आई माझ्या हाताला धरून उठली. गुडघे सरळ व्हायला तिला वेळ लागतो. तोवर ती खाचराकडं बघत राहिली.

"बरं क्येलंस," ती म्हणाली. "तुझा बापबी जायचा देवळात दर ठरवाया. लोकाच्या रानात मिळायचं त्ये तरी मिळायचं. हितं तीस वर्सं लावलं, मला कुनी हातावर एक रुपाया ठेवला न्हाई."