हवालदारांची छाती आणि तानुबाईंचा उसासा

दहिवडीचे निवृत्त हवालदार नानासो यांची सगळी ओळख एका आकड्यात मावते: छाती सत्त्याहत्तर, फुगवून ब्याऐंशी. भरतीला जाणाऱ्या पोरांना मोजपट्टीखाली श्वास कोंडायला शिकवणं हा त्यांचा पेन्शनीतला उद्योग. फुप्फुस म्हणजे ट्रकचं टायर, हवा भरली की झालं, एवढंच त्यांचं शरीरशास्त्र. गावात फिरतानाही त्यांच्या आधी त्यांची छाती पोचते.

गेल्या महिन्यात त्यांच्या बायकोचं, तानुबाईंचं, साताऱ्यात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. टाके दुखतात म्हणून बाई जेमतेम श्वास घेत, आणि तिसऱ्या दिवशी उजव्या फुप्फुसाचा तळ मिटायला लागला. असंच चाललं तर न्यूमोनिया होईल, मग मशीनवर ठेवावं लागेल, असं डॉक्टर संयोगिता म्हणाल्या. शेजारी म्हणून मी डबा घेऊन तिथंच होतो. नानासोंना आयतीच संधी मिळाली. खाटेपाशी ताठ उभे राहून त्यांनी हुकूम सोडला, "छाती फुगीव!" बाईंनी डोळे मिटले आणि श्वास आणखी आखडला.

डॉक्टरांनी हवालदारांना गप्प केलं. फुप्फुस टायर नव्हे, जिवंत आहे, असं त्यांनी समजावलं. आतल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंतींतल्या पेशींना ताण कळतो. मोठा श्वास आला की त्या ताणल्या जातात आणि निसरडा द्रव सोडतात, म्हणून पिशव्या मिटून चिकटत नाहीत. फार ताणल्या तर दुखावतात, ताणल्याच नाहीत तर द्रव कमी पडतो. म्हणूनच तर माणूस नकळत दर थोड्या वेळानं उसासा टाकतो. मग त्यांनी बाईंना विचारलं, तानुबाई, तुम्ही मोकळा उसासा का टाकत नाही?

"बाईनं उसासा टाकला की लक्ष्मी जाती म्हणं," तानुबाई म्हणाल्या. "एकतीस वर्सं ह्यांनी टाकू दिला न्हाई."

नानासोंनी लगेच उदारपणे सांगितलं, टाक आता, माझी परवानगी हाय. परवानगी! मला त्या माणसाचा मनापासून संताप आला.

बाई मात्र शांत होत्या. "आवं, तुमी जरा भाईर थांबा. तुमच्या म्होरं येत न्हाई त्यो."

हवालदार बाहेर बाकावर जाऊन बसले. आतून पहिला उसासा कण्हतच आला, दुसरा जरा लांब, मग एकामागून एक येत राहिले. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं, फुप्फुसाचा तळ उघडत होता. नानासोंनी दारातून विचारलं, आता आत येऊ का?

"बसा अजून," तानुबाई म्हणाल्या. "लय राह्यल्यात."