देवळाच्या भिंतीवरचे थेंब

मी लिहायला बसलो, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात याआधी कुणी काही लिहिलेलं नाही. आप्पा उद्यमबागेत, लोखंड ओतायच्या फाउंड्रीत आहेत. ते सही करतात आणि पेन लगेच परत देतात, गरम ओतकाम हातात आल्यासारखं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे शिकून केलेली चूकही आमच्या घरात पहिलीच.

गेल्या उन्हाळ्यात आक्काचं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा, मांडव पिरनवाडीत आमच्या दारात. नळाला पाणी कधीतरीच, म्हणून सगळी गल्ली एका विहिरीवर. लग्नाला महिना होता आणि विहीर रोज थोडी खाली जात होती. मांडवात पाणी कमी पडलं तर निपाणीचे पाहुणे जन्मभर बोलून दाखवतील, या काळजीनं आई रोज सकाळी विहिरीत डोकावायची. मीही डोकावायचो. मला खाली आभाळ दिसायचं, त्यात एक ढग असायचा, आणि मी तिथेच राहायचो.

"पाणी बघाय सांगितलंतं रं, ढग न्हवं," आई म्हणायची.

त्याच दिवसांत कॉलेजातल्या सरांनी काम दिलं: आपल्या भागातलं पाणी पुढंही टिकावं, यासाठीची माहिती एका चित्रात सांगा. अक्षरं कमी. चित्र असं हवं, की बघणाऱ्याला काही विचारावं लागू नये. मला वाटलं, हे माझ्यासाठीच आहे. एक चित्र, आणि आक्काच्या लग्नापर्यंत विहीर तुडुंब!

चार दिवस रहाटाशेजारी बसून कुठल्या घरी किती घागरी जातात ते टिपलं. (शेजारी म्हणाले, पोरगं रिकामं बसतंय. आईनं त्यांना दुजोरा दिला.) मग तक्ता रंगवला. प्रत्येक घराला एक थेंब, थेंबात घराचं नाव. जास्त पाणी, मोठा थेंब. फारच उपसणाऱ्यांचा थेंब लाल, म्हणजे धोका. जपून वापरणाऱ्यांचा फिकट निळा. रंगवताना मला दिसत होतं, की लोक तक्त्यासमोर गप्प उभे आहेत आणि हळूच घागर अर्धी परत ओतत आहेत. समोरच्या सुमनमावशीचा थेंब परातीएवढा, लालभडक. आमचा वाटाण्याएवढा. मला अभिमान वाटला.

तक्ता मारुतीच्या देवळात लावला, कारण तिथे सगळे येतात. चुकलं ते इथेच. त्याच भिंतीवर देणगीदारांची पाटी आहे. देवाला ज्यानं मोठं काही दिलं, त्याचं नाव मोठं. (पंखा देणाऱ्यांचं नाव पंख्याच्या तिन्ही पात्यांवर आहे. ते दर्शनाला आले की पुजारी पंखा बंद करतो, नाव वाचता यावं म्हणून.)

दुसऱ्या दिवशी सुमनमावशी पेढे घेऊन आली.

"वैनी, पोरगं गुणाचं हाय. आमचं घर एवढं मोठं कुणी काढलं न्हवतं. रंग बी कुंकवाचा."

आईनं पेढे हातात घेतले. मी चाचरत म्हणालो, "मावशी, लाल म्हणजे वाईट."

मावशीनं कपाळाला हात लावून कुंकू जागेवर असल्याची खात्री केली. "कॉलेजात हे शिकिवत्यात व्हय?"

मी पेढा तोंडात टाकला.

संध्याकाळी कोपऱ्यावरचे बसाण्णा आले. आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले, शांत माणूस.

"आमचा थेंब बारका का रं? देवाला समई दिलीया आमी."

"अण्णा, तुम्ही पाणी कमी वापरता."

"असं व्हय? मग वापरतो की."

आणि वापरलं. अंगण धुतलं, स्कूटर धुतली, मग शेजाऱ्याची स्कूटर धुतली. (शेजारी नको म्हणत होता.) सगळ्या गल्लीत पाण्याची चढाओढ लागली. रहाटाला दोनदा तेल घालावं लागलं. माझा ढग आणखी खोल गेला.

घरात वेगळंच. "साऱ्या गल्लीत आपलाच थेंब बारका," आई म्हणाली. "पावणं देवळात पाया पडाय जातील. म्हणतील, ह्या घरात काय बी न्हाय."

आक्का लग्नाच्या बांगड्या मोजून बघत होती. "पंगतीला काय वाढणार रं? थेंब?"

मी तक्त्याखाली सविस्तर खुलासा लिहून चिकटवला. तो कुणीच वाचला नाही. शेवटी आई म्हणाली, "कागद ऱ्हाऊ दे. लोकास्नी पाणीच दाखीव."

आप्पांनी कामावरून येताना रंगाचे दोन डबे आणले आणि कड्या धरून विहिरीत उतरले. वरून आई सांगत होती, "आनि खाली. हां, तितं." इतके दिवस मी ढग बघत होतो तेव्हा ती पाणी रोज किती उतरतं ते बघत होती. वर एक पिवळी रेघ मारली: हळदीच्या दिवशी पाणी इथवर हवं. खाली लाल रेघ: लग्नाच्या दिवशी इथवर. अक्षर एकही नाही.

सकाळी सुमनमावशी घागर घेऊन आली आणि वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"अगं बाई. पाणी आत्ताच हळदीला टेकाय आलंय की."

एकच घागर घेऊन गेली. बसाण्णांनी स्कूटर ओल्या फडक्यानं पुसली, फक्त स्वतःची. रंगांचा अर्थ कुणीही विचारला नाही. सर म्हणाले होते ते चित्र हेच असणार. ते तिसरी शिकलेल्या माझ्या आईनं काढलं होतं.

लग्न लागलं. पाठराखण म्हणून आक्काबरोबर मी निपाणीला निघालो तेव्हा पाणी लाल रेघेवर होतं आणि दोन पंगती उठायच्या होत्या. निपाणीत दोन दिवस आईनं फोन उचलला नाही. जेवताना मला ताटात कोरडी विहीर दिसायची, तळाशी एक ढग पडलेला. आक्काही तोंडात घास धरून माझ्याकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"पाणी पुरलं?" मी विचारलं.

"पुरलं. भांडी घासून उरलं. आनि एक. सुमननं देवळातला तुझा तक्ता नव्यानं रंगिवला. लग्नात समद्यात जास्त पाणी आपूनच वापरलं न्हवं? आपला थेंब आता परातीएवढा हाय. लाल. पेढं वाटून आले बघ."

पाणी वाचवण्यावर तक्ता काढणारा मी. "अभिनंदन, आई," म्हणालो.