रहीमचाचाचा दिलदार चित्ता

शिकारखान्यात काम केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. एक सांगायला घेतला की दुसरा त्याचं शेपूट धरून येतोच.

आम्ही नंदुरबारचे चित्तेवान. बादशाही काळापासून घराण्याचा एकच धंदा, चित्त्याला काळविटाच्या शिकारीसाठी तयार करायचं. आमचे धनी एका छोट्या संस्थानचे नवाब. रहीमचाचा मुख्य चित्तेवान, मी छकडा हाकणारा. नवाबसाहेबांनी मोटार घेतली, तेव्हापासून दरबारात रोज कोणीतरी म्हणायचं, "आता मोटार आहे, बंदूक आहे, शिकारखाना कशाला?" आमची रोजीरोटी त्याच शिकारखान्यावर होती.

*

दिलदार आफ्रिकेतून बोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं नंदुरबारला आला. पार्सलबाबू गोंधळले. "कुत्रा लिहू की मांजर?"

चाचा ताठ उभा राहिला. "सरकारी नोकर लिखा, सायेब!"

*

चित्त्याला माणसांच्या गोंगाटाची सवय लागावी म्हणून घरातल्या बायकांनी त्याच्या खाटेभोवती बसून दिवसभर गप्पा मारायच्या, ही आमची रीत. खाट त्याची, चाचा जमिनीवर! यात चाचीनं नाव काढलं. थोड्याच दिवसांत दिलदार तिच्या आवाजावर घोरायला लागला.

चाचा म्हणायचा, "मी इतला वरीस ऐकी ऱ्हायनू, माले कधी झोप नही उनी."

आमच्याकडे सून बघताना स्वयंपाक कोणी विचारत नसे. मुलगी बोलकी आहे ना, एवढंच बघत.

*

आमचा चित्ता फक्त नरावर सोडायचा, मादीवर कधीच नाही. तापीकाठचा एक गुजर शेतकरी एकदा कावून आला. काळविटांनी त्याचा कापूस फस्त केला होता. "रहीमभाई, मादीबी मारा!"

चाचा म्हणाला, "बादशहानीबी मादीवर चित्ता सोडा नही."

"बादशहाना कोठे कापूस व्हता?"

सगळ्यात जास्त हसला तो चाचाच. पण नियम काही मोडला नाही.

*

आणि तो दिवस. नवाबसाहेबांकडे एक गोरा पाहुणा आला होता. हुजुरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं की दिलदारचं काम बघूनच शिकारखाना ठेवायचा की मोडायचा ते ठरवू. सकाळी चाचानं दिलदारचा पट्टा तीनदा तपासला.

काळविटं बैलगाडीला बिचकत नाहीत, म्हणून मी छकडा अगदी जवळ नेला. नवाबसाहेब आणि पाहुणा बसलेली मोटार मागे बाभळीखाली थांबली. चाचानं दिलदारच्या डोळ्यांवरची टोपी काढली. दिलदार सुटला. काळवीट आता हातात येणार, तेवढ्यात बार झाला. पाहुण्यानं मोटारीतूनच गोळी घातली होती!

काळवीट पडलं. दिलदारनं ते हुंगलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसला. शिकार झाली की चित्त्याला लाकडी पळीतून ताजं रक्त पाजतात. चाचानं पळी पुढे धरली. दिलदारनं तोंड फिरवलं.

मोटार जवळ आली. पाहुणा हसला. "बुढ्ढा हो गया! हमारा बंदूक जल्दी चलता है."

नवाबसाहेबांनी विचारलं, "रहीम, पीता क्यों नहीं?"

चाचानं पळी खाली ठेवली. "हुजूर, दूसरे का मारा हुआ नहीं पीता."

माझी छाती फुगली, पण टोला पाहुण्याला बसला होता. आता शिकारखाना गेलाच, असं मला वाटलं.

नवाबसाहेब मोटारीतून खाली उतरले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "साहब को बंगले पर छोड़ दो." तोवर चाचानं दिलदारला टोपी घालून छकड्यात बसवलं होतं. हुजूर एखाद्या शेतकऱ्यासारखे चाकावर पाय देऊन वर चढले, दिलदारच्या शेजारी मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, "हाँको."