पहिला मोठा आवाज

तारा चढवताना इलेक्ट्रिक मेंडोलिन जवळजवळ मुकी असते. भरीव लाकूड ते, नुसतं कुजबुजतं. चेन्नईतल्या आमच्या कारखान्याचा रिवाज असा, की ॲम्प्लिफायरला वायर जोडून तिचा पहिला मोठा आवाज गिऱ्हाइकानंच काढायचा. "बांधना हमारा, बजाना उनका," आमचे मालक अण्णा म्हणतात. आठवीत शाळा सोडून परभणीहून आलेल्या मला त्यांनीच हे काम शिकवलं, म्हणून मी गुमान मान डोलावतो.

परवाची मेंडोलिन पाच तारांची होती. वाजवणाऱ्या मुलीला खर्जासाठी एक जाड तार जास्त हवी होती, म्हणून आम्ही तिच्या बोटांच्या मापानं मेंडोलिनची मान रुंद केली. तारा मी चढवल्या, लाकडाला कान टेकवून सुरात आणल्या. जाड तार करकरली तर, ही धास्ती होतीच.

ती मुलगी आली. वायर जोडून तिनं खर्ज छेडला आणि खोली भरून गेली. "अण्णा, सुपर!" म्हणाली. अण्णा हसले, मीही हसलो. पाळणा विणणाऱ्याला त्यात निजलेलं बाळ कुठं बघायला मिळतं? तरी तिचा हेवा वाटलाच.

ती मेंडोलिनची पेटी उचलून निघाली, तेव्हा वाटलं, तार थोडी करकरली असती तर बरं झालं असतं. दुरुस्तीच्या निमित्तानं मेंडोलिन अजून एक दिवस माझ्याजवळ राहिली असती.