आत्याची रेघ

फोन आला तेव्हा मी जानकीपुरमच्या बाजारात फुकटच्या कोथिंबिरीवरून सब्जीवाल्या भैयाशी हुज्जत घालत होतो. आत्या गेली... इंदिरा नगरच्या घरी, झोपेतच. माझ्या तोंडून निघालं, "अच्छा." पन्नाशीच्या माणसाला एवढंच सुचलं!

आत्या गणिताची बाई. निवृत्तीनंतरही बाहेरच्या खोलीत फळा लावून मुलींना शिकवायची. पट्टी न लावता रेघ मारायची आणि ती सरळच यायची. मग उजवा अंगठा दुखायला लागला, खडू गळून पडू लागला. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. "आंटीजी, अंगूठे की जड़ में ये छोटी हड्डी है, ट्रैपीज़ियम. घिस गई है." आत्या चष्मा सावरत पुढे वाकली. "ट्रैपीज़ियम? इसमें समांतर भुजाएँ कौनसी हैं?" मग माझ्याकडे वळून, "समलंब चौकोन म्हणे! अशी आकृती मुलींनी काढली तर मी शून्य देते रे." आत्याचं ते शेवटचं मोकळं हसणं.

ते हाडच काढून टाकायचं ठरलं. पण तिचं हृदय साथ देईना, ऑपरेशन टळत राहिलं. शेक झाले, लेप झाले, बख्शी का तालाबच्या वैद्याकडेही मी तिला फरफटत नेलं. काही फरक नाही. एक दिवस म्हणाली, "डोक्यात सगळं स्वच्छ आहे रे, बाहेर यायची वाटच बंद झालीय." मी म्हटलं, "मी होईन तुझा हात." गणितात मी जेमतेम काठावर पास, पण उत्साह दांडगा! ती खुर्चीतून सांगायची, मी फळ्यावर काढायचो. माझ्या समांतर रेषा फळा संपायच्या आत एकमेकींना भेटायच्या. "अंकल, ये तो पतंग है!" मुली फिदीफिदी हसायच्या. हळूहळू त्या येईनाशा झाल्या.

शेवटच्या भेटीत खोलीत आम्ही दोघंच. "समलंब काढ," ती म्हणाली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. काढला. ती उठली, तळव्याने वरची बाजू पुसली, खडू मुठीत आवळून तिथे टेकवला. रेघ ओढायला गेली... खडू पडला.

"राहू दे, मी करतो."

"नको. ती माझी आहे."

आता ती खोली रिकामी करायचीय. फळ्यावर माझ्या तीन वाकड्या रेघा, वर तिच्या तळव्याचा पांढुरका पट्टा, त्यात खडू टेकल्याचा ठिपका. परवा बायकोने फडकं ओलं करून आणलं. तिला म्हटलं, थांब जरा... आत्याचं अजून झालेलं नाही.