फॉर्मवरचा धोंडू

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हणत आलो. चौथी शिकलोय, लिहिण्यात चुका निघतील. ज्याला हसायचं त्यानं हसावं...

आमचं गाव लासूर स्टेशनजवळ. बायकोला, सखूला, छातीचा कॅन्सर निघाला म्हणून संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं चार शहरांतले दवाखाने मिळून एका नव्या औषधाचं संशोधन करत होते. त्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारी. ते चालवणारी एक मॅडम — डॉक्टर नाय, पण चारी दवाखान्यांचे कागद, तारखा, पेशंटला फोन, सगळं तिच्याकडं. तिच्या सहीशिवाय औषध हलत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी खाली केसपेपरच्या रांगेत, आणि वर मॅडमनं सखूला नवऱ्याचं नाव विचारलं. चाळीस वर्षांत तिनं ते घेतलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे डोक्यात पक्कं. म्हणाली, "वाटंत पडलेलं असतंय ना पोरी, ठेच लागती, त्ये."

"धोंडा? मग धोंडू का?"

सखूनं हो म्हणून मान हलवली. माझं नाव दगडू.

आधार कार्डावर दगडू, फॉर्मवर धोंडू. कागद परत आला. नियम असा की दुरुस्ती पेशंटनं स्वतः सांगायची, नातेवाइकाचं चालत नाय. मॅडमनं तीनदा फोन करून विनवलं. सखू दरवेळी आधी विचारायची, "पोरी, जेवलीस का?" नावाचं निघालं की गप्प.

मी ओरडलो, "तोंडाला कुलूप लागलंय का? तिकडं औषध अडलंय."

"मी जायचीच हाय. तुमचं कशाला कमी करू?"

"माझं आयुष्य काय चाटायचंय?"

"धोंड्याशी कोन डोकं लावील," म्हणली आणि हसली.

त्याच आठवड्यात गेली. औषध आलंच नाय.

तेराव्याला दुपारी मॅडमचा फोन. "बाबा, दुरुस्ती झाली. आजींना घेऊन या, औषध मंजूर झालंय."

"कुठून आणू? आज तेरावं हाय तिचं."

तिकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पण तीन दिवसांपूर्वी आजींचा फोन आला होता, बाबा."

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. मॅडमनं आलेल्या फोनच्या नोंदींची वही पुढं सरकवली. नंबर आमचाच. वेळ सकाळी अकराची. त्या वेळी मी दहाव्याला नदीवर, डोकं भादरून बसलेलो. कावळा पिंडाला शिवत नव्हता. फोन माझ्याच बंडीच्या खिशात होता.

"आवाज त्यांचाच होता," मॅडम म्हणाली. "आधी म्हणाल्या, पोरी, जेवलीस का. मग म्हणाल्या, दगडू. लिही आता."

तिथल्याच गुलमंडीच्या बाजारात मोबाईलवाल्याला फोन दाखवला. त्यानं उलटापालटा करून परत दिला. "चाचा, इधर से कोई फोन गया ही नहीं."

मला यातलं काही कळत नाय. मॅडमलाही नाय. चाळीस वर्षांत जे माझ्या कानावर पडलं नाय ते परक्या पोरीनं ऐकलं, त्याचा रागही येतो.

सखूनं नाव घेतलं त्याला दोन वर्षं झाली. आयुष्य कमी होतं म्हणायची... मी रोज सकाळी उठतोच आहे.