छातीची कमजोरी

आमच्या दवाखान्यातल्या दुभाषी मावशींना क्षयरोगाचं नाव सात भाषांमध्ये येतं, आणि सातांपैकी एकाही भाषेत त्या ते उच्चारत नाहीत. मग त्या सात शब्दांचं काय लोणचं घालायचंय? डॉक्टर म्हणतात, "तुम्हाला क्षय झालाय. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही." मावशी रोग्याला त्याच्या भाषेत सांगतात, छातीत जरा कमजोरी आहे, गोळ्या घ्या, बरं वाटेल. मी इथली परिचारिका. गोळ्या देता देता त्यातल्या दोन-तीन भाषा मलाही कळायला लागल्यात, त्यामुळे ही लबाडी लगेच ध्यानात येते.

मी भांडले. एकदा नाही, वीस वेळा. मावशी चष्मा पुसत ऐकून घेतात आणि म्हणतात, "अगं बाई, एका भाषेत त्याचं नाव पोखरणारा, दुसरीत वाळवणारा. तिसरीत तर नावच घेत नाहीत, नुसतं 'ते' म्हणतात आणि दार लावून घेतात. आपला क्षय तरी काय गं, झिजून संपणंच ना? माझ्या वडिलांना डॉक्टरांनी हा शब्द तोंडावर सांगितला. घरात गोळ्या होत्या, पण माणूस जो खचला तो उठलाच नाही."

यावर काय बोलणार? तरी मी बोललेच. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी व्हायचं तेच झालं. बाजारातल्या एका शिंप्याने दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या. तीनदा निरोप धाडले, फिरकला नाही. परवा आला तो भिंत धरत, रुमालात रक्त, आणि सोबत खोकणारी दहा वर्षांची मुलगी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणखी सांगा कमजोरी!" सगळ्या रांगेसमोर मी मावशींवर ओरडले. "आता तरी नाव सांगा, नाहीतर मी सांगते, मोडकंतोडकं का होईना!"

मावशींचा चेहरा उतरला. शिंप्यासमोर खुर्ची ओढून त्या बसल्या आणि त्याच्या भाषेत हळूच तो शब्द म्हणाल्या.

शिंपी जराही दचकला नाही. "माहीत आहे की," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. डॉक्टर एवढं लांबलचक बोलले आणि तुम्ही एवढंसं सांगितलंत. मरणाऱ्यापासूनच लपवतात ना, मावशी? म्हटलं, आपलं आता काही खरं नाही. मग गोळ्या कशाला गिळायच्या?"

आता कोणावर चिडावं, मला कळेना.

"बरा होतो हा रोग," मावशी म्हणाल्या. "हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मुलगी बापाच्या आडून पुढे आली. "मला काय झालंय?"

मावशींनी तिचा हात धरला. "अजून माहीत नाही, बाळा. आधी तपासू. तेच निघालं, तर नाव घेऊन सांगेन."